इंजिन उतरवू नका, आधी बूच काढा

प्रश्न: माझ्या बाबांची 1984 सालची बुलेट 350 घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये 2018 पासून उभी आहे. बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला ते याच गाडीवर जायचे. पुढे हाताला कंप सुटला आणि एकदा वाडीहून येऊन गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. त्या दिवशीही ती पहिल्या किकला सुरू झाली होती. आता मला ती चालू करायची आहे. ओळखीच्या एका मिस्त्रींनी शेडमध्ये येऊन दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘इंजिन उतरवावं लागेल, बोअर करावं लागेल, अडतीस हजार धरा.’ बाबा म्हणतात, ‘विकून टाक.’ मी 36 वर्षांची आहे, हिशेबनीस आहे, पाना हातात धरायची लाज वाटत नाही, पण गाडीचं काम कधी केलेलं नाही. रोज रात्री व्हिडिओ बघते आणि रोज जास्तच घाबरते. हे घरी जमेल का? हत्यारं कोणती घेऊ? आणि रंग आधी द्यायचा की नंतर?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘त्या दिवशीही ती पहिल्या किकला सुरू झाली होती.’ मिस्त्रींनी हे विचारलं होतं का? मला नाही वाटत. विचारलं असतं तर बोअरची गोष्ट निघाली नसती. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, झिजतो तो गाडी पळून पळून, उभी राहून नाही.

हा हिशेब तुमच्याच धंद्यातला आहे, म्हणून तसाच मांडते. उभं राहून गाडीचं काय काय बिघडतं? पेट्रोल सडतं. इंजिन ऑइल बसून राहतं, नको तिथे उतरतं. बॅटरी मरते. रबर कडक होतं, म्हणजे टायर, पेट्रोलचा पाइप, सील. इग्निशनच्या पॉइंटवर काळपट थर चढतो, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, टाकीला आतून गंज धरतो. आणि काय बिघडत नाही? टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची ठरलेली वेळ, बदलत नाही, गिअर झिजत नाहीत, पिस्टनच्या रिंगा झिजत नाहीत. म्हणजे पहिल्या यादीतलं सगळं तुम्ही शेडमध्ये करू शकता आणि दुसऱ्या यादीतल्या कशालाही हात लावायचं कारण नाही. अडतीस हजारांतला मोठा वाटा मात्र दुसऱ्याच यादीवर जायचा होता.

पण एक प्रश्न मलाही पडला आहे, आणि त्याचं उत्तर पत्रात नाही. गाडी 2018 पासून उभी आहे. मध्ये 2019 चा महापूर गेला, 2021 चा गेला. तुमच्या शेडमध्ये पाणी आलं होतं का? आलं असेल तर कुठवर? पुढच्या चाकाच्या आसापर्यंत पाणी चढलं असेल तर इंजिनचा तळ पाण्यात होता असंच धरा. तसं असेल तर माझं वरचं सगळं गणित बदलतं आणि कदाचित मिस्त्रीच बरोबर ठरतील. घरात कुणाला नक्की आठवत नसेल तरी हरकत नाही. गाडी स्वतःच सांगेल.

म्हणून पहिलं काम हे. मेन स्टँडखाली जाड फळी सारा, गाडी सरळ उभी करा. इंजिनाच्या खाली ड्रेनची बुचं आहेत. एक ऑइलच्या कप्प्याचं, एक क्रँककेसचं, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीचं. जुन्या बुलेटचं ऑइल क्रँकखालच्या परातीत राहत नाही, इंजिनातच वेगळ्या कप्प्यात राहतं आणि पंप ते तिथून फिरवतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. वरून डिपस्टिक लावून बघणारा म्हणतो, ऑइल संपलंय. ते असतं, पण खालच्या मजल्यावर. त्यात आणखी ऑइल ओतून किक मारली की धूर, गळती आणि घाबरगुंडी, तिन्ही एकदम.

दोन्ही बुचांखाली वेगवेगळे पांढरे डबे ठेवा आणि सावकाश सोडा. काळं, दाट, एकजीव ऑइल आलं तर उत्तम. आधी चमचाभर पाणी आणि मग ऑइल आलं, तर ती बहुधा इतक्या पावसाळ्यांतली दमट हवा आत साचून झालेली आहे, फार चिंता नको. पण दुधाच्या चहासारखं काही बाहेर आलं, किंवा गंजाचा लाल गाळ आला, तर तिथेच थांबा, किक मारू नका आणि मला पुन्हा लिहा. पाणी जाऊन गंजलेली बेअरिंग घेऊन इंजिन चालवलं तर अडतीस हजार कमी पडतील.

आता माझी फजिती सांगते, कारण ती न सांगता सल्ला देणं बरं नाही. 1991 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाची बुलेट ‘नीट’ करायला घेतली. गाडी बरी चालत होती, जरा मिसिंग मारायची इतकंच. पण मला सगळंच उघडून बघायचं होतं. हेड काढलं, सिलिंडर काढला, उजव्या बाजूचं टायमिंगचं कव्हर काढलं. पंप फिरवणाऱ्या वर्मचे आटे उलटे असतात हे मला माहीत नव्हतं. मी सोडतेय समजून जोर लावून आवळत बसले आणि आटे गेले. सुटे भाग दोन डब्यांत आणि एका घमेल्यात होते. आईने दिवाळीची साफसफाई करताना दोन्ही डबे घमेल्यात रिकामे करून घमेलं कोपऱ्यात ढकललं, आणि तिची काही चूक नव्हती. ती गाडी तीन वर्षं घमेल्यात राहिली आणि शेवटी भंगारात गेली. मिसिंगचं कारण पुढे कळलं. पॉइंट घाण झाले होते.

तुम्ही रात्री बघता त्या व्हिडिओंत लोक हेच करतात, फक्त त्यांच्याकडे घमेलं नसतं, चकचकीत ट्रे असतात. ‘पूर्ण रिस्टोरेशन’ ही बघायला छान गोष्ट आहे. करायला घेतलेल्यांतले किती जण पूर्ण करतात हे व्हिडिओत येत नाही. तुमच्यासाठी नियम एकच. एक भाग उघडा, साफ करा, परत बसवा, मग दुसरा. एका वेळी शेडमध्ये दोन गोष्टी उघड्या दिसल्या तर कुलूप लावून घरात या.

हत्यारांचं विचारलंत. बाबा जॉबर होते, म्हणजे घरात पान्यांची पेटी असणार. ती आधी शोधा. जुन्या बुलेटच्या बऱ्याच नटांना मिलिमीटरचे पाने धड बसत नाहीत. ते इंची मापाचे, त्यातही काही विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे असतात. जवळपास बसणारा पाना लावून जोर केला की नट गोल होतो आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय सुटत नाही. बाबांनी ही गाडी स्वतः सांभाळली असेल तर नेमके हवे ते पाने त्या पेटीत मिळतील. विकत घ्यायचं ते इतकंच: फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातींचा संच), प्लग पाना, गंज सोडवणारा स्प्रे, एक इम्पॅक्ट ड्रायव्हर (कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सोडू नका, खाचा जातात), थोडा बारीक पॉलिश पेपर आणि एक दोनशे पानी वही. धुवायला पूर्वी रॉकेल वापरायचो, आता डिझेल चालतं. वहीत काढलेला प्रत्येक वायसर कुठून निघाला ते लिहा, बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला जोडलं आहे तेही लिहा. जुन्या गाड्यांत ते आजच्या उलट असू शकतं आणि नवी बॅटरी सवयीने लावली की वायरिंगचा वास येतो. तुमच्या गाडीला बहुधा सहा व्होल्टची बॅटरी आहे. खात्री जुन्या बॅटरीवरच्या अक्षरांवरून करा.

बुचांचा निकाल चांगला लागला असं धरून पुढे जाऊ.

प्लग काढा. त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मागचं चाक अधांतरी ठेवून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करा. पिस्टन हलला की तुम्हाला ते हातात कळेल. नाही हलला तर आणखी दोन दिवस ऑइल राहू द्या. किकवर उभं राहून नाचू नका. अडकलेल्या पिस्टनचं काही जात नाही, किकचे दाते जातात.

क्लचही बघून घ्या. बुलेटची किक क्लचमधून इंजिनापर्यंत पोचते. म्हणून क्लच दाबून धरला की किक मोकळी सुटायला हवी. क्लच दाबूनही इंजिन फिरतंय असं वाटलं तर प्लेटा चिकटल्या आहेत. क्लचची मूठ सुतळीने हँडलला बांधून एक रात्र ठेवा, सकाळी हाताने किक दोन-चारदा ढकला. बहुतेक वेळा सुटतात.

पेट्रोलचं जुनं जे काही टाकीत उरलं असेल त्याचा आता वार्निश झाला असेल. तो शेडबाहेर, उजेडात, आसपास देवासमोरचा दिवाही नसताना काढा. टाकी उतरवून आत बॅटरीचा दिवा टाकून बघा. गंज वरवरचा असेल तर नळ काढून, भोक बंद करून, टाकीत गरम पाणी आणि लिंबूसत्त्व घालून एक दिवस ठेवा. ढोकळ्यात घालतो तेच, फक्त पाकीटभर नव्हे, किलोच्या हिशेबात. त्यात मूठभर जुने नट टाकून टाकी हलवली तर पापुद्रे सुटतात. नट मोजून टाका, मोजून काढा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि लगेच आतून थोडं ऑइल फिरवा. लगेच म्हणजे लगेच, जेवून आल्यावर नाही. धुतलेलं लोखंड तासाभरात पुन्हा लाल पडायला लागतं.

कार्बोरेटर पूर्ण खोलायचा, हा एक अपवाद. पण टेबलावर पांढरा पंचा अंथरून. आतल्या छोट्या जेटमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि सायकलच्या पंपाची हवा द्या. पेट्रोलचा पाइप न बघता बदला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि 1984 चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून पुढे कधी गाडी महिनाभर उभी ठेवायची झाली तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

आता पॉइंट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मिस्त्रींना जे इंजिनचं दुखणं वाटलं ते दहात आठ वेळा इथलं असतं.

पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे ठिपके. बंद असताना कॉइलमध्ये करंट भरतो, उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. तुम्ही मागाच्या खटखटीत वाढला आहात, तर असं समजा: धोटा कोणत्या क्षणी सुटायचा ते जसं ठरलेलं असतं, तशी ही ठिणगी. इतकी वर्षं बंद राहून त्या ठिपक्यांवर थर बसला की करंट जातच नाही. बारीक पॉलिश पेपरची घडी दोन्हींच्या मधून चार वेळा ओढा, मग पेट्रोलात भिजवलेला कोरा कागद ओढा, मग कोरडा. कागद स्वच्छ बाहेर येईपर्यंत. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. फिलर गेजची पात किंचित अडत सरकली पाहिजे. प्लगची फट अर्धा मिलिमीटर. चावी चालू करून पॉइंट बोटाने उघडलेत आणि तिथेच मोठी निळी ठिणगी उडाली तर कंडेन्सर गेला आहे, तो किरकोळ किमतीत मिळतो. बस. टायमिंगच्या पट्टीला हात लावू नका, ती बाबांनी लावून ठेवली आहे आणि उभ्या गाडीत ती कुठे जात नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडांखालचे भाग, तेही फक्त तपासा. सिलिंडरच्या उजव्या बाजूला, खाली, एका नटाचं छोटं कव्हर आहे. इंजिन थंडगार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, वर आणून, आतल्या दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. सहज फिरल्या पाहिजेत, वरखाली मात्र हलायला नको. तसं असेल तर कव्हर लावून मोकळ्या व्हा.

नवं 20डब्ल्यू50 ऑइल घाला, सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं. पण बुचं घट्ट झाली का ते आधी बघा. हे हसण्यावारी नेऊ नका, मी दोनदा विसरले आहे. गिअरबॉक्सचं वंगण वेगळं आणि घट्ट असतं. तिथे कुणाच्या सांगण्यावरून पातळ ऑइल ओतलंत तर सकाळी ते शेडच्या जमिनीवर सापडेल. तसं बुलेटवाल्यांत म्हणतातच, ऑइल गळायचं थांबलं तर समजावं की संपलं.

मग तो दिवस. शेडचं दार सताड उघडा, किंवा गाडी अंगणात आणा. बंद शेडमधला धूर माणूस मारतो. बूट घाला, चप्पल नको. चावी चालू करा आणि टाकीपुढच्या ॲमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या घड्याळाच्या) काट्याकडे बघत किक अगदी सावकाश खाली न्या. काटा डावीकडे झुकेल, आणि एका जागी परत मध्यावर येईल. तिथे पॉइंट उघडलेत, पिस्टन कॉम्प्रेशनला माथ्याजवळ आहे. हँडलवरची डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारी) छोटी दांडी दाबून किक आणखी बोटभर पुढे ढकला, दांडी सोडा, किक वर येऊ द्या आणि आता एकच पूर्ण, सरळ, शेवटपर्यंत किक. अर्धवट किक मारली तर ती उलटते आणि घोट्याला जन्मभर आठवण राहते. ताकद लागत नाही, मी पन्नास किलोची बाई आहे.

सुरू झाली की आनंदाने ॲक्सिलरेटर पिळू नका. ऑइलच्या भोकाचं झाकण काढून आत बघा. मिनिटभरात ऑइल पिचकारीसारखं थांबून थांबून परत येताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर लगेच बंद करा. याहून महत्त्वाचं त्या दिवशी काही नाही.

सुरू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायची झाली असं नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘2314’ म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसली तरी बदला. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, तुमचं बहुधा संपलं असेल. आरटीओत फॉर्म 25, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षित नंबरप्लेट. गाडी तीन अक्षरी जुन्या नंबरची आहे, तो नंबर जपा. हे होईपर्यंत अंगणातच फिरवा.

तुम्ही पाणी आलेलं सांगितलंत आणि खरंच सिलिंडर उतरवायची वेळ आली, तर तुमच्यापासून तासाभरावर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे. लेथ आणि बोअरिंगची कामं करणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. सुट्या भागांची चणचण नाही. 1955 पासून मद्रासला बनू लागलेल्या या इंजिनचा मूळ आराखडा 2010 च्या आगेमागेपर्यंत टिकला, त्यामुळे पुष्कळ भाग एकमेकांना चालतात. दुकानात जुना भाग हातात घेऊन जा, नाव सांगत बसू नका. आणि दुकानदाराने फटाके फोडणारा सायलेन्सर पुढे केला तर पोलिसांनी तसले किती सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेत ते त्याला विचारा.

राहिले बाबा. ते ‘विकून टाक’ का म्हणतात हे मी इथे बसून सांगणार नाही, मला माहीत नाही. पण त्यांना ‘मला शिकवा’ असं म्हणू नका. त्यात हाताचा विषय येतो. नेमका प्रश्न विचारा. ‘कार्बोरेटरचा स्क्रू किती आटे बाहेर ठेवायचात?’ असा. जॉबरला नेमका प्रश्न टाळता येत नाही. मागांच्या गोंधळात एक माग ठेका चुकतोय हे ज्याला लांबून कळायचं, त्याला गाडीचा आवाज घरात बसूनही कळेल. शेडच्या दाराशी एक खुर्ची ठेवा, बोलावू मात्र नका.

रंगाचं पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. मला वाटतं तुम्हालाच द्यावासा वाटणार नाही.

रविवारी बुचं सोडा आणि डब्यात काय आलं त्याचा फोटो नको, रंग लिहून कळवा. फोटोत सगळंच काळं दिसतं.